आम्ही याच खिडकीत वाढलो

यावेळी एका खिडकीबद्दल लिहिते आहे. आमच्याच घरातल्या.

बडोद्याला दांडिया बाजारात आजोबांच्या वेळचं आमचं घर आहे. नोकरीसाठी पुण्याला येऊन मला तीन वर्षं झाली, पण घर म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बाहेरच्या खोलीतली सागवानी खिडकी. बसता येईल इतका रुंद कट्टा, उभे गज आणि थरावर थर चढवलेला ऑइलपेंट. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली पिवळा. एखादा टवका उडाला की घरात कधी कुठला रंग होता ते दिसायचं. शाळेत असताना दुपारच्या वेळी मी तो नखाने खरवडत बसायचे.

आता त्या खिडकीचा मालक माझा भाचा. भाचा म्हणजे दादाचा मुलगा. पण आमच्याकडे सगळे त्याला नुसतं बाळ्या म्हणतात. वीस महिन्यांचा. कट्टा बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. रस्त्यावरच्या गाई, रिक्षा, कुल्फीवाला बघत उभा राहायचा आणि दात शिवशिवायचे म्हणून कट्ट्याची कड चावायचा. त्याचे फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर आहेत, खाली आम्ही सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी टाकलेल्या.

मागच्या दिवाळीआधी दादाने रंगकाम काढलं. रंगाऱ्याने चार दिवस पत्री आणि पॉलिश पेपर घेऊन खिडक्या-दारं घासली. कोरडीच. घरभर पिठासारखी धूळ. गाद्यांवर, डब्यांवर, खेळण्यांवर. वहिनी दिवसातून दोनदा झाडून काढत होती, तेवढीच धूळ परत उडत होती.

बाळ्याचं हिमोग्लोबिन कमी आहे हे आधीच कळलं होतं, औषध चालू होतं. दोन महिने झाले तरी आकडा हलेना. खाणं कमी, पोट साफ नाही, सारखी किरकिर. डिसेंबरात दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषधाची चिठ्ठी बघितली आणि विचारलं, "घर किती जुनं आहे? एवढ्यात रंगकाम झालंय का? बाळ माती, रंगाचे पापुद्रे असं काही तोंडात घालतं का?"

"खिडकी खातो," वहिनी हसत म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं.

रिपोर्ट आला, दर डेसिलिटर रक्तात १४ मायक्रोग्रॅम. मला तेव्हा या आकड्याचा अर्थ कळला नव्हता, तुम्हालाही कळणार नाही, म्हणून सांगते. रक्तात शिसं किती असलं तर चालतं, याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 'किती असलं तरी सुरक्षित म्हणता येत नाही' असं आहे. ५ किंवा त्याच्या वर गेलं की ते कुठून येतंय हे शोधून थांबवायचं, असं त्यांचं सांगणं आहे. ४५ च्या वर गेलं तर मुलांना शिसं बाहेर काढायची औषधं देतात. बाळ्या मधेच अडकलेला. औषध देण्याइतका वर नाही, दुर्लक्ष करण्याइतका खाली नाही. आणि डॉक्टरांनी हेही स्पष्ट सांगितलं, की किरकिर आणि पोटाचा त्रास शिशामुळेच आहे असं म्हणता येणार नाही, रक्त कमी असल्यानेही तसं होतं. या आकड्याला बहुतेक मुलांत वरून काहीच दिसत नाही. खिडकीच्या रंगाचे पापुद्रे दादाने प्रयोगशाळेत दिले. त्यात शिसं निघालं, भरपूर.

घरी मोठा वाद झाला. आजी म्हणाली, "याचा बाप याच खिडकीत वाढला. आजोबा वाढले. तू वाढलीस. आम्हाला काय झालं?" आईने आजीची बाजू घेतली, पण वर एक वाक्य जोडलं, "मुलाकडे जरा लक्ष ठेवायला हवं होतं." ते कुणासाठी होतं हे सगळ्यांना कळलं. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. मी व्हिडिओ कॉलवर होते, मला नुसता पंखा दिसत होता.

आजीचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. आम्हाला काय झालं? मी इंग्रजी साहित्यात बीए केलेली मुलगी, रसायनशास्त्र दहावीनंतर सोडलेलं. पण रोज चार विषयांवर वाचून लिहिणं हेच माझं काम आहे, तेव्हा महिनाभर रात्री मी शिशाबद्दल वाचत बसले.

आधी एक गैरसमज काढून टाकते. शिसपेन्सिलीत शिसं नसतं. ते ग्राफाइट, म्हणजे एक प्रकारचा कार्बन. तेव्हा मुलं पेन्सिल चघळतात म्हणून रागवा, पण शिशाच्या भीतीने नको.

शिसं शरीरात शिरतं ते चोरपावलांनी. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं. आपल्याला कॅल्शियम लागतं, म्हणून जे दार त्याच्यासाठी उघडतं त्याच दाराने शिसं आत येतं. रक्तात ते महिनाभर वगैरे फिरतं, पण हाडांत जाऊन बसलं की वर्षानुवर्षं, दशकानुदशकं राहतं. मेंदूत पेशी एकमेकींना निरोप देतात त्या कामातही कॅल्शियम लागतं, तिथे हे लुडबुड करतं. रक्त तयार होण्याच्या कामातही अडथळा आणतं. मोठ्यांच्या पोटात जेवढं शिसं जातं त्यातलं बरंचसं बाहेर पडतं. लहान मूल तेवढ्याच शिशातून मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. मुलाच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखीच. म्हणजे बाळ्यासारखं आधीच रक्त कमी असलेलं मूल आणि तोंडाशी आलेली खिडकी, याहून वाईट गाठ नाही.

एक गोष्ट वाचून मी थांबले. बाईच्या हाडांत लहानपणापासून साठलेलं शिसं ती गरोदर राहिली की कॅल्शियमबरोबर पुन्हा रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. मी त्या खिडकीचा रंग नखाने काढायचे आणि ते बोट तोंडातही घालायचे. हे मी अजून आईला सांगितलेलं नाही.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते दुधाच्या दातांत. आपल्याकडे पडलेला दात कौलावर फेकायची पद्धत आहे. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सोमरव्हिल या गावांत हर्बर्ट नीडलमन नावाच्या डॉक्टरांनी पहिली-दुसरीतल्या मुलांचे असे पडलेले दात गोळा केले. रक्तातलं शिसं महिनाभरापूर्वीचं सांगतं, दात मात्र अनेक वर्षांचा हिशेब ठेवतो. ज्यांच्या दातांत सगळ्यात जास्त शिसं होतं ती मुलं आणि ज्यांच्यात सगळ्यात कमी होतं ती, अशी तुलना त्यांनी केली. दोन्ही गटांतली मुलं वरून ठणठणीत. कुणी आजारी नाही, कुणाला झटके नाहीत. पण जास्त शिसं असलेल्या गटाचे बुद्धिमापन चाचणीतले गुण कमी. शिक्षकांना कुणाच्या दातात किती शिसं आहे हे माहीत नव्हतं, तरी त्यांनी त्याच मुलांबद्दल जास्त वेळा लिहिलं होतं की लक्ष लागत नाही, सांगितलेलं पूर्ण करत नाही. हे संशोधन १९७९ मध्ये प्रसिद्ध झालं. अकरा वर्षांनी नीडलमन यांनी त्यांतल्या अनेकांना पुन्हा गाठलं, तेव्हा दातांत जास्त शिसं असलेल्यांमध्ये शाळा अर्धवट सुटण्याचं प्रमाण सातपट निघालं. पुढे नीडलमन यांच्यावर संशोधनात गडबड केल्याचे आरोप झाले, चौकश्या झाल्या, आणि ते त्यातून निर्दोष सुटले.

म्हणजे आजी, काय झालं ते एकेका माणसाकडे बघून कळतच नाही. गणितात आणखी चार मार्क पडले असते का, राग थोडा कमी आला असता का, हे कोण सांगणार? शिसं नसलेला दुसरा 'मी' कुठे आहे तुलना करायला?

यावर दादाची आणि माझी थट्टा झाली. दादाचा जन्म १९९३ चा, माझा २००० चा. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात सगळीकडे शिसंविरहित पेट्रोल मिळायला लागलं. त्याआधी १९९५ पासून ते मोठ्या महानगरांत थोडंफार मिळत होतं. म्हणजे दादा शिशाच्या धुरात वाढला आणि मी नाही. "म्हणूनच मी हुशार," मी म्हटलं. दादा हसला आणि मग गप्प झाला. बाबांचं लहानपण, काकांचं, तुमच्या आईवडिलांचं, रस्त्याकाठी राहणाऱ्या सगळ्यांचंच लहानपण त्या धुरात गेलंय.

पेट्रोलमध्ये शिसं टाकलं की इंजिनाची ठकठक थांबते, हे अमेरिकेत १९२१ मध्ये सापडलं. विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी ते जगभर गेलं आणि शेवटचा देश, अल्जीरिया, त्यातून बाहेर पडायला २०२१ उजाडलं. शंभर वर्षं!

आपल्याकडे नव्वदच्या दशकात बंगळूरूचे डॉ. थुप्पिल वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या शहरांतल्या हजारो लोकांचं रक्त तपासलं. बारा वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांत शिसं १० च्या वर निघालं. एकट्या मुंबईत ते प्रमाण सुमारे ६२ टक्के होतं. पेट्रोल बदलल्यावर काही वर्षांनी मुंबईत पुन्हा मुलांची तपासणी झाली, तेव्हा ते सुमारे ३३ टक्क्यांवर आलं होतं. कुठलंही टॉनिक नाही, गोळी नाही, फक्त पंपावरचं पेट्रोल बदललं. मला हा आकडा फार आवडतो. पण त्यातल्या उरलेल्या तेहतीसचं काय, हा प्रश्नही तिथेच उभा आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेचा २०२० चा अहवाल सांगतो की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं ५ किंवा त्याहून जास्त आहे. ही मुलं ८० कोटींच्या घरात जातात, आणि त्यांतली २७ कोटींहून जास्त भारतात आहेत.

पेट्रोल गेलं, मग येतं कुठून? जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या उघड्यावरच्या भट्ट्यांतून. त्यांच्या आसपास राहणाऱ्या मुलांचे हाल सगळ्यात वाईट. बाकी बरंचसं आपल्या घरातूनच. जुना ऑइलपेंट तर झालाच. आता नियमाने घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही, पण हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग भिंतीवर, गजांवर, पाळण्यावर तसाच आहे. शेंदूर, पारंपरिक पद्धतीचा, म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. मारुतीला शेंदूर लावायला कुणाची ना नाही. हात धुतल्याशिवाय तो बाळाच्या भातात जाऊ नये एवढंच. डोळ्यांत घालायच्या सुरम्यात शिशाचा खनिज दगड वाटलेला असू शकतो. कल्हईच्या कथिलात स्वस्ताईसाठी शिसं मिसळलेलं असू शकतं, तेव्हा कल्हईवाला ओळखीचा बघा. भंगार वितळवून केलेली स्वस्त ॲल्युमिनियमची भांडी हाही एक रस्ता. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हिंडालियमच्या काही आयात भांड्यांबद्दल इशारा दिला. आंबट सार, कढी, चिंचेची आमटी अशा भांड्यात तासन् तास ठेवू नये.

आणि हळद. हे वाचून आमच्या घरात सगळ्यात जास्त खळबळ झाली. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून काही ठिकाणी पॉलिश करताना त्यांना लेड क्रोमेट नावाचा रंग लावतात. हा रंग घरांच्या पिवळ्या पेंटमध्येही वापरला जायचा. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुरात भिजून काळपट पडलेली हळद खपवण्यासाठी हे सुरू झालं आणि मग सवयच लागली. तिथे संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढला तो थेट हळदीपर्यंत पोचला. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. सरकारने वर्तमानपत्रांतून लोकांना सांगितलं, बाजारात जागच्या जागी तपासणी करणारी यंत्रं नेली, पकडलेल्या व्यापाऱ्यांना दंड केला. २०२१ मध्ये तो आकडा शून्यावर आला. दोन वर्षांत! आपल्याकडे मात्र एका पाहणीत पाटण्याच्या हळदीत दर ग्रॅममागे १००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं सापडलं. आपली कायदेशीर मर्यादा आहे १०.

सगळी हळद वाईट असं मुळीच म्हणत नाही. अख्खी हळकुंडं आणत असाल तर एक सोपी खूण आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि हळकुंड सोडा. चांगलं असेल तर पाणी लगेच रंगत नाही. वरून रंग लावलेलं असेल तर सोडल्याबरोबर पिवळा रंग उतरू लागतो. दळलेल्या हळदीचं असं घरी कळत नाही, ती खात्रीच्या ठिकाणची आणि पाकिटावर परवाना क्रमांक असलेली घ्यावी.

आमच्याकडे डॉक्टरांनी काय करायला लावलं ते सांगते, कारण मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. वहिनी आणि बाळ्या पंधरा दिवस सुरतेला तिच्या माहेरी गेले. तेवढ्यात रंगाऱ्याने सुटलेला रंग पाणी मारून, ओलाच काढला, खाली प्लास्टिक अंथरून. आणि वर नवा रंग देऊन जुने थर बंद केले. झाडू बंद, फरशी आणि कट्टे ओल्या फडक्याने पुसायचे. गाद्या, मऊ खेळणी धुऊन काढली. जेवायच्या आधी बाळ्याचे हात साबणाने धुवायचे, नुसते पाण्याखाली धरायचे नाहीत. लोहाचं औषध चालूच, आणि जेवणात दूध, दही, नाचणी, डाळी, पालेभाजी, वर लिंबू. पोट रिकामं असताना शिसं जास्त शोषलं जातं म्हणून थोड्या थोड्या वेळाने खायला द्यायचं. बस. एवढंच. आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. तुमच्या घरी लहान मूल असेल, घर जुनं असेल आणि रक्त वाढत नसेल, तर रक्तातलं शिसं तपासण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना आपणहून विचारा. सगळ्या डॉक्टरांच्या हे पटकन लक्षात येतंच असं नाही. आमच्या पहिल्या डॉक्टरांच्या आलं नव्हतं, आणि त्यांचा मला राग नाही.

राग आहे तो त्या एका वाक्याचा, "लक्ष ठेवायला हवं होतं." पेट्रोलमध्ये शिसं घालणाऱ्यांकडे कुणी लक्ष ठेवलं नाही शंभर वर्षं, रंगाच्या डब्यावर कुणी ठेवलं नाही २०१७ पर्यंत, आणि शेवटी लक्ष ठेवायचं होतं ते दिवसाचे अठरा तास घरात राबणाऱ्या माझ्या वहिनीने. मी आईला हे फोनवर सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू लहान असताना मीच तुला त्या कट्ट्यावर बसवून भरवायचे गं."

पुढच्या आठवड्यात वहिनीचा मेसेज आला, आईंनी आज स्वतः खिडकी पुसली.

मार्चमधल्या रिपोर्टात बाळ्याचं शिसं ९ आलं. हिमोग्लोबिन दहाच्या पुढे गेलं. ९ हे ५ नाही, हाडांतून ते हळूहळूच उतरेल असं डॉक्टर म्हणाले. आजीला अजून पटलेलं नाही. "आम्हाला काय झालं" हे ती आठवड्यातून एकदा तरी म्हणते. पण तिनेच ओटीवर तिच्या पाटाशेजारी बाळ्यासाठी एक छोटा पाट टाकलाय, तिथून रिक्षा जास्त चांगल्या दिसतात म्हणे. आणि आता दुकानातून हळकुंडं आली की आधी पेल्यात पडतात, आजी चष्मा लावून पाच मिनिटं पाण्याकडे बघत बसते.

पुढची तपासणी जूनमध्ये आहे.